सर्वसमाविष्ट निवास : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात गुणदोषविचार

प्रवाशाने आरंभीच एक ठरावीक रक्कम द्यावी आणि मुक्काम संपेपर्यंत निवास, भोजन, पेये व करमणूक यांपैकी कशासाठीही पुन्हा खिशात हात घालू नये, अशी जी व्यवस्था उष्ण कटिबंधातील सागरकिनाऱ्यांवर आज सर्वत्र दिसते, तिचा उगम उष्ण कटिबंधातील नाही. झेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने 1950 मध्ये भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर, आल्कुदिया येथे तंबूंची एक वसाहत उभारली. महायुद्धाने थकलेल्या मध्यमवर्गीयांस थोडक्या खर्चात समुद्र, ऊन आणि पोटभर अन्न मिळावे, एवढाच तिचा मूळ हेतू होता. ‘क्लब मेडितेराने’ या नावाने ही संस्था वाढली आणि तिच्या धर्तीवर पुढे कॅरिबियन बेटांपासून मालदीवपर्यंत शेकडो विश्रामस्थाने निघाली.

भाषेच्या अभ्यासकास या संस्थेतील एक गोष्ट विशेष उद्बोधक वाटेल. तेथे येणाऱ्यास ‘ग्राहक’ म्हणत नसत; तो ‘सज्जन सभासद’ असे. त्याची सेवा करणाराही नोकर नव्हे, तर ‘सज्जन संयोजक’ असे. रोख पैशाचे दर्शन होऊ नये म्हणून मद्यगृहातील पेयांचा मोबदला गळ्यातील माळेचे मणी काढून दिला जाई. हे मणी अर्थातच आधी विकत घ्यावे लागत. म्हणजे ‘सर्व’ या शब्दातून काही गोष्टी वगळलेल्या होत्याच. फक्त वगळल्याची जाणीव होऊ न देण्याची तजवीज केलेली होती. सर्वसमाविष्ट व्यवस्थेच्या गुणदोषांचा विचार करताना ही माळ डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरते, कारण प्रश्न सोयीचा जितका आहे तितकाच तो ‘सर्व’ या शब्दाच्या व्याप्तीचा आहे. त्यात काय येते, काय येत नाही, आणि ही सीमा कोण आखतो?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांस समुद्र नाही. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, त्याखाली कोकण. पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या पाण्यावर पोसलेली ऊस, द्राक्षे, टोमॅटो व कांद्याची शेती. तरीही किनाऱ्यावरील त्या व्यवस्थेचे एक लहानसे, देशी रूप येथे रुजलेले आहे. 2018 मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला आणि 2020 मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. राजुरीसारख्या गावांत शेतातच चार खोल्या बांधून पुण्यामुंबईच्या कुटुंबांस उतरवून घेण्याची प्रथा त्याआधीपासूनच चालू झाली होती. येथील दराची रचना पाहावी : माणशी अमुक रुपये, त्यात सकाळचा नाश्ता, दोन वेळचे जेवण, दुपारचा चहा, बैलगाडीची फेरी, शिवारदर्शन आणि रात्रीचा मुक्काम. आल्कुदियाच्या तंबूत आणि राजुरीच्या मळ्यात भांडवलाचे व आकाराचे अंतर प्रचंड आहे. हिशेबाचे तत्त्व मात्र एकच.

या तत्त्वासाठी ‘सर्वसमावेशक’ हा शब्द हल्ली योजला जातो. व्याकरणदृष्ट्या तो सदोष आहे. सर्वांचा समावेश करणारा, असा त्याचा कर्तरी अर्थ असून धोरणे व समाजरचना यांस तो शोभतो. येथे अभिप्रेत आहे तो कर्मणी अर्थ, म्हणजे ज्यात सर्व खर्च समाविष्ट आहे असा. म्हणून ‘सर्वसमाविष्ट’ म्हणणे अधिक बरे. परंतु या नव्या शब्दाची गरज भासावी इतकी ही कल्पना मराठीस परकी आहे काय, हा खरा प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. काम तासावर अथवा रोजावर न मोजता एकरकमी ठरविले की ते ‘उक्ते’ होते. सालगड्याचा मोबदला ‘खाऊनपिऊन’ ठरतो. खर्च डोक्यांवर वाटला की तो ‘माणशी’ होतो. आणि खानावळीचा महिना हा तर सर्वसमाविष्ट दराचाच शहरी अवतार. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून व कोकणातून आलेला कामगार महिन्याचे ठरलेले पैसे देऊन दोन वेळ जेवत असे.

या खानावळीने मात्र एक शब्द जपला, जो किनाऱ्यावरील विश्रामस्थानाच्या कोशात आढळत नाही. तो शब्द म्हणजे ‘खाडा’. जेवणारा गावी गेला किंवा आजारी पडला, तर तितक्या दिवसांचा खाडा धरून पैसे वजा होत. उक्त्या दरातही न खाल्लेल्या अन्नाचा हिशेब राखण्याची ही रीत होती. सर्वसमाविष्ट विश्रामस्थानात खाडा नसतो. न जेवलेल्या माणसाचे पैसे मालकाकडे राहतात. जेवलेल्याने ताटात टाकलेल्या अन्नाचे पैसेही आधीच दिलेले असल्याने टाकणाऱ्यास त्याची खंत वाटत नाही. अन्नाची नासाडी हा या व्यवस्थेचा सर्वांस ठाऊक असलेला दोष आहे, त्याचे मूळ येथे आहे. शेतावरील निवासात तो काही अंशी कमी जाणवतो, कारण वाढणारी व्यक्ती समोर उभी असते आणि आपल्या शेतातील वांगे उष्ट्यात गेलेले तिला दिसते. अर्थात जेथे पाहुण्यांची संख्या वाढून पंगतीच्या जागी आपापले वाढून घेण्याची मांडणी आली, तेथे हा संकोचही उरत नाही.

निवास, अन्न व पाणी यांची एकत्र तरतूद या भूमीत किती जुनी आहे, हे पाहण्यासाठी जुन्नरभोवतालच्या डोंगरांकडे वळले पाहिजे. शिवनेरी, मानमोडी, तुळजा व लेण्याद्री या समूहांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारापर्यंतचा हा खोदकामाचा काळ सामान्यतः मानला जातो. कल्याण-सोपारा येथील बंदरांकडून नाणेघाटाने वर आलेला व्यापारी मार्ग याच नगरात पोचत असे, आणि लेण्यांचे दाते बहुतांशी व्यापारी व कारागीर होते. आज आपण ज्यास ‘लेणे’ म्हणतो तो शब्दच मुळी प्राकृत ‘लेण’, संस्कृत ‘लयन’, म्हणजे राहण्याची जागा. शिल्पाचा अर्थ त्यास मागाहून चिकटला.

येथील ब्राह्मी लेखांत दानांची जी नोंद आहे ती या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात गाभ्यांचे लेणे आणि एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दिले. चिट नावाच्या यवनाने संघास ‘भोजनमटप’, म्हणजे भोजनमंडप अर्पण केला. बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख आहे. काही लेखांत आसपासच्या गावांतील जमीन निवर्तनांच्या मापाने सांगून तिचे उत्पन्न लावून दिलेले आहे. करंजाच्या आणि वडाच्या झाडांचाही त्यात निर्देश येतो. खोली, पाणी, जेवणाची जागा आणि खर्चाची कायम सोय : वर्षावासासाठी येणाऱ्या भिक्षूच्या दृष्टीने ही व्यवस्था सर्वसमाविष्टच होती. फरक एवढाच, की तिचा भार येणाऱ्यावर नव्हता. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो भार कोणत्या गावाने, कोणत्या श्रेणीने व किती उचलला हे दगडावर कोरून ठेवलेले होते. आजच्या दरपत्रकात नेमकी हीच माहिती नसते.

आता गुणांचा विचार करू. प्रवाशाचा लाभ उघड आहे. त्यास खर्च आधी कळतो, पावलोपावली घासाघीस करावी लागत नाही, वृद्ध व लहान मुले बरोबर असता जेवणासाठी वणवण होत नाही. अष्टविनायकांच्या यात्रेस निघणारी मंडळी लेण्याद्री व ओझर करताना गाडी, मुक्काम आणि जेवण एकाच रकमेत ठरवितात, ते याच कारणाने. यात आणखी एक लाभ आहे, ज्याचा उच्चार क्वचितच होतो. मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाची सुट्टी म्हणजे बहुधा आजोळी अथवा गावी जाणे. त्या सुट्टीत घरातील स्त्रीचा स्वयंपाक सुटत नसे, उलट माणसे वाढल्याने तो वाढतच असे. जेथे भोजन दरातच धरलेले आहे अशा ठिकाणी तिला प्रथमच सुट्टी मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु अधिक विचारार्ह आहे तो यजमान शेतकऱ्याचा लाभ. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या मालाची किंमत सांगता येत नाही. भाव पुकारला जातो तो घेणाऱ्याकडून. देणारा तो ऐकतो. एका हंगामात हाच टोमॅटो मोटार घेऊन देतो आणि दुसऱ्या हंगामात रस्त्याकडेला ओतावा लागतो. त्याच शेतकऱ्याने त्याच टोमॅटोची कोशिंबीर करून माणशी दरात वाढली, तर दर तो स्वतः ठरवितो, फलकावर लिहितो आणि पैसे आगाऊ घेतो. शेतमालाच्या संबंधात ‘विकणारा भाव सांगतो’ हे वाक्य या प्रदेशात सहसा उच्चारता येत नाही. निवासाच्या धंद्याने ते शक्य केले. शेतावरील निवासाचे समर्थन करताना स्वच्छ हवा, मातीचा गंध इत्यादी गोष्टी पुढे केल्या जातात. त्या गौण आहेत. किंमत ठरविण्याचा अधिकार उत्पादकाच्या हाती आला, हा त्या व्यवस्थेचा सर्वात मोठा गुण होय.

मात्र हा अधिकार घरातील कोणाच्या हाती आला, हेही पाहिले पाहिजे. जाहिरातीत जेवणास ‘घरचे’, ‘घरगुती’, ‘चुलीवरचे’ अशी विशेषणे लावलेली असतात. ही विशेषणे गुणवाचक दिसतात. वास्तविक ती कर्त्याचा लोप करणारी आहेत. ‘घरचे जेवण’ या पदबंधात जेवण कोणी केले हे सांगण्याची सोयच नाही, कारण घर हे कोणा एकाचे नाव नव्हे. शंभर भाकऱ्या थापणारी ही शेतकऱ्याची पत्नी, भावजय किंवा शेजारची मजूर स्त्री असते. शेजारणीस रोज दिला जातो, म्हणून तिचे श्रम निदान हिशेबात येतात. घरातल्या स्त्रीचे येत नाहीत. शहरातील स्त्रीची सुटलेली पोळी गावातील स्त्रीच्या परातीत येऊन पडली, असा हा व्यवहार आहे. तिच्या कामाचा मोबदला तिच्या नावे लागत असेल तर तो व्यवहार न्याय्य म्हणता येईल. दरातील ‘सर्व’ या शब्दाखाली सर्वात आधी झाकला जातो तो हाच खर्च.

आता दोषांचे दुसरे अंग. सर्व काही फाटकाच्या आत मिळाले, की पाहुण्यास फाटकाबाहेर पडण्याचे कारण राहत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशात हा प्रश्न इतका तीव्र झाला, की 1999 मध्ये तेथील शासनाने सर्वसमाविष्ट सहलींवर बंदी घातली. किनाऱ्यावरील फळविक्रेते, वाटाडे, लहान उपाहारगृहे यांच्याकडे युरोपीय प्रवासी फिरकेनासे झाले होते. ही बंदी फार टिकली नाही; प्रवासी दुसरीकडे जातील या भीतीने 2000 मध्ये ती उठविण्यात आली. मालदीवमध्ये 1972 पासून पर्यटन वाढले ते निर्जन बेटांवर. एका बेटावर एक विश्रामस्थान, आणि मालदीवी लोकांची वस्ती मात्र दुसऱ्या बेटांवर. वस्तीच्या बेटांवर साधी अतिथिगृहे चालविण्याची मोकळीक 2010 च्या सुमारास मिळाली, तेव्हा कोठे सामान्य कुटुंबास प्रवाशाशी प्रत्यक्ष व्यवहार करता आला. सुमारे चार दशके पाहुणा देशात होता आणि लोकांच्या घरात नव्हता.

जुन्नर-आंबेगावात समुद्र नसल्याने बेटे नाहीत, हे खरे. परंतु कुंपण घातले की बेट कोठेही तयार होते. पूर्वेकडील बागायती पट्ट्यात ही गोष्ट तितकी जाचत नाही. तेथील यजमान स्वतः शेतकरी आहे, दूध शेजाऱ्याचे, भाजी गावातली, गाडीवान गावातला. दर एकाच्या हाती पडला तरी तो वाटला जातो. पश्चिमेकडे स्थिती वेगळी आहे. आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो. त्या जलाशयाच्या काठी, आणि वर आहुपे-भीमाशंकरकडच्या डोंगरांत महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भात, नाचणी, हिरडा गोळा करून विकणे, काही ठिकाणी मासेमारी, हे त्यांचे उपजीविकेचे मार्ग. घाटमाथ्यावर पाऊस मुबलक. पण तो वाहून जातो, आणि चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडा घेऊन चालणे अनेक पाड्यांस चुकत नाही.

येथे बाहेरचे भांडवल येऊन कुंपणाच्या आत पोहण्याचा तलाव बांधू लागले, तर दरात समाविष्ट झालेले पाणी कोणाचे, हा प्रश्न कल्पनेतला राहत नाही. जुन्या लेखांत पोढीचे दान नोंदवीत असत. नव्या दरपत्रकात पाणी हे नैसर्गिक म्हणून फुकट धरले जाते. उतारांवरील बांधकामाचाही विचार यातच येतो. पावसाळ्यातील धबधब्यांचे दृश्य खिडकीतून दिसावे, ही पर्यटकाची अपेक्षा असते, आणि असे दृश्य दिसते ते तीव्र उताराच्या जमिनीवरूनच. याच तालुक्यातील माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळून दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. ती दुर्घटना पर्यटनामुळे झाली असे कोणी म्हणणार नाही. पण या डोंगरांची माती किती भार सोसते, हे त्या दिवसानंतर कोणास अज्ञात राहिलेले नाही.

पूर्वेकडे एक निराळाच अडथळा आहे, त्याचा केवळ उल्लेख करणे पुरे. उसाच्या क्षेत्रात बिबट्याने घर केले असून जुन्नरजवळ माणिकडोह येथे त्यांच्यासाठी निवारा केंद्र चालविले जाते. शेतावर उतरलेल्या कुटुंबास ‘अंधारात शिवारात जाऊ नका’ असे सांगावे लागते. यजमान हे त्यांच्या सुरक्षिततेसाठी सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळेही पाहुणा अंगणापुरता बांधला जातो.

शेवटी संबोधनाचा प्रश्न. ‘पाहुणा’ हा प्राकृत ‘पाहुण’, संस्कृत ‘प्राघुण’ यावरून आलेला शब्द. ग्रामीण मराठीत अनोळखी वाटसरूसही ‘काय पाहुणं, कुठलं म्हणायचं?’ असे विचारले जाते. पाहुण्याशी असलेले नाते परतफेडीचे असते. तो आज येथे जेवला, उद्या यजमान त्याच्या गावी जेवेल. ‘गिऱ्हाईक’ हा शब्द तेवढ्या व्यवहारापुरता, तर ‘यात्रेकरू’ हा देवाशी संबंधित. गाव त्याच्याकडे येणाराजाणारा म्हणून पाहते. ‘पर्यटक’ मात्र यांपैकी कोणीच नव्हे. हिंडणारा एवढाच त्याचा धात्वर्थ आहे, आणि गावाशी कोणतेही नाते तो शब्द सुचवीत नाही. शेतावरील निवासात या चारही शब्दांची सरमिसळ होते. समोर ‘पाहुणे, अजून एक भाकरी घ्या’ म्हणायचे, वहीत ‘पर्यटक’ लिहायचे आणि आपसांत ‘आज गिऱ्हाईक किती?’ असे विचारायचे, यात ढोंग आहे असे मानण्याचे कारण नाही. पाहुणा आणि गिऱ्हाईक यांच्यामधील नात्यास मराठीत अद्याप शब्द नाही, म्हणून बोलणारा प्रसंगानुसार एक एक शब्द उसना घेतो. आल्कुदियाच्या संयोजकांनी ही अडचण ‘सज्जन सभासद’ असे कृत्रिम नाव घडवून सोडविली होती. राजुरीच्या शेतकऱ्याने ती अजून सोडविलेली नाही, हे एका अर्थी बरेच आहे. ज्यास गिऱ्हाईक म्हणताना जीभ अडखळते, त्यास हिशेबात फसविणेही थोडे जड जाते.

दरपत्रकाच्या लेखनापुरती एक सूचना येथे करता येईल. हल्ली फलकावर ‘समाविष्ट’ आणि ‘अतिरिक्त’ असे दोन रकाने असतात, आणि अतिरिक्त म्हणजे मालकाकडूनच जादा पैसे देऊन घ्यावयाच्या गोष्टी. त्यात तिसरा रकाना घालावा : ‘गावात मिळेल’. दोन जेवणे दरात धरावीत, दुपारचे तिसरे खाणे धरू नये. त्या रकान्यात उसाचा रस कोठे, भेळ कोठे, शिवनेरीवर वा नाणेघाटात नेणारा वाटाड्या कोणत्या वाडीतला, आहुप्याकडे जाणाऱ्यास नाचणीची भाकरी कोणत्या घरी सांगून ठेवावी लागते, हे लिहावे. ज्या घरी पाणी विकत आणावे लागते तेथे तेही लिहावे. आणि न जेवलेल्या वेळेचा खाडा धरावा.